सी-७ परवाना: कॅलिफोर्नियात कमी व्होल्टेजची कामं घेण्याआधी

महाराष्ट्रात सोसायटीत सीसीटीव्ही बसवणाऱ्याला किंवा ऑफिसात लॅनच्या केबल ओढणाऱ्याला राज्याचा वेगळा परवाना कुणी विचारत नाही. तारतंत्री, पर्यवेक्षक, विद्युत ठेकेदार ही तिथली उतरंड २३० व्होल्टच्या आणि त्यावरच्या वायरिंगसाठी आहे. कॅलिफोर्नियात मात्र कॅमेरे, नेटवर्क, स्पीकर, बागेतले १२ व्होल्टचे दिवे हे सगळं ठेकेदारी कायद्याखाली येतं. या कामांचा परवाना सी-७ या नावाने ओळखला जातो आणि तो कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसेन्स बोर्ड देतं. तो काढताना कशानंतर काय करावं लागतं, कुठे अडतं आणि का अडतं, हे आमच्या अनुभवातून इथे मांडतो आहोत. हाच धंदा इथे करू पाहणाऱ्या मराठी मंडळींना त्याचा उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे.

आधी परवान्याशिवाय काय चालतं ते पाहू. १ जानेवारी २०२५ पासून मजुरी आणि सामान मिळून १,००० डॉलरच्या आतलं काम विनापरवाना करता येतं. त्याआधी ही मर्यादा ५०० डॉलर होती. पण त्या कामाला बांधकाम परवानगी लागता कामा नये आणि मदतीला नोकर ठेवता कामा नये. आठ कॅमेरे, रेकॉर्डर, हार्ड डिस्क आणि केबल एवढं धरलं तरी नुसत्या सामानातच आकडा हजाराच्या पुढे जातो. मोठं काम दोन बिलांत तोडून ही सूट मिळत नाही. शिवाय विनापरवाना कामाची खरी झळ दंडाची नसते. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ७०३१ नुसार विनापरवाना ठेकेदाराला पैशांसाठी दावाच लावता येत नाही. उलट ग्राहकाने दिलेले सगळे पैसे तो परत मागू शकतो, काम कितीही चोख झालेलं असलं तरी. सामानाचे पैसे आपण भरलेले, मजुरी गेलेली आणि वर मिळालेली रक्कमही परत. हे कलम वाचल्यावर ‘आधी दोन-चार कामं करून बघू, मग परवाना काढू’ हा विचार सोडून द्यावा.

सी-७ ची हद्द नीट समजून घ्यायला हवी. ऊर्जा मर्यादित असलेल्या आणि ९१ व्होल्टच्या पुढे न जाणाऱ्या यंत्रणा त्यात येतात: टेलिफोन, ध्वनियंत्रणा, केबल टीव्ही, क्लोज्ड सर्किट कॅमेरे, सॅटेलाइट डिश, तापमान नियंत्रण आणि मापनाची उपकरणं, बागेतली कमी व्होल्टेजची दिवाबत्ती. इथरनेट केबलमधून वीज देणारा स्विचही त्यात बसतो, कारण ती वीज साधारण ५७ व्होल्टच्या आतच असते. फायर अलार्म मात्र २४ व्होल्टवर चालत असला तरी नियमात नाव घेऊन वगळलेला आहे. तो सी-१० म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा विषय. घरफोडीच्या अलार्मची विक्री, जोडणी आणि देखरेख यांसाठी वेगळ्या कार्यालयाचा, ब्युरो ऑफ सिक्युरिटी अँड इन्व्हेस्टिगेटिव्ह सर्व्हिसेसचा, अलार्म कंपनी ऑपरेटर परवाना लागतो. ग्राहकाच्या दृष्टीने कॅमेरा, दाराचा सेन्सर आणि धुराचा डिटेक्टर हे एकच काम असतं. कायद्याच्या दृष्टीने ती तीन परवान्यांची कामं आहेत. कोटेशन देतानाच हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं.

नेटवर्कच्या उपकरणांच्या रॅकमागे १२० व्होल्टचा नवा सॉकेट लागला तर काय, हा प्रश्न हमखास येतो. मुख्य कामासाठी अत्यावश्यक असलेलं आनुषंगिक काम विशेष ठेकेदाराला करायची मुभा कायद्यात आहे. तरी त्या मुभेवर विसंबून राहू नये असं आमचं मत आहे. सॉकेटचं काम ओळखीच्या सी-१० ठेकेदाराला द्यावं आणि त्याची रक्कम कोटेशनमध्ये वेगळी दाखवावी. पुढे तक्रार झाली तर ‘आनुषंगिक’ म्हणजे किती यावर वाद घालत बसावं लागत नाही.

आता अर्जाआधीचा एक निर्णय. आयटीतून या धंद्यात येणारे बहुतेक जण आधी एलएलसी (मर्यादित दायित्वाची) कंपनी काढून मोकळे होतात. परवान्याच्या हिशेबाने ते महाग पडतं. प्रत्येक ठेकेदाराला २५,००० डॉलरचा बॉण्ड, म्हणजे बॉण्ड कंपनीची हमी, लागतोच. एलएलसीला त्यावर कामगारांसाठी १,००,००० डॉलरचा आणखी एक बॉण्ड लागतो आणि किमान १० लाख डॉलरचा दायित्व विमाही दाखवावा लागतो. राज्याचा वर्षाला किमान ८०० डॉलरचा फ्रँचायझी कर वेगळा. एकट्याने सुरुवात करणाऱ्याने एकल मालक म्हणून अर्ज करणं सोयीचं. पण परवाना त्या व्यवसायरूपाला मिळतो, हे विसरू नये. एकल मालकाचा परवाना नंतर काढलेल्या कॉर्पोरेशनला आपोआप लागू होत नाही. त्यासाठी नवा अर्ज करावा लागतो. म्हणून दोन वर्षांत भागीदार घ्यायचा विचार असेल तर हिशोबनिसाशी आधीच बोलून घ्यावं.

अर्जदार १८ वर्षांचा असावा. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे कर खात्याने दिलेला ओळख क्रमांक, चालतो. तरीही स्वतःचा धंदा करायची मुभा व्हिसा देतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारायचा.

आता मुख्य अडसर. मागच्या १० वर्षांत त्याच कामाचा ४ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा, तोही ‘जर्नी’ पातळीचा, म्हणजे देखरेखीशिवाय काम स्वतः पुरं करणाऱ्या कारागिराचा किंवा त्यावरचा. फोरमन, सुपरवायझर किंवा ठेकेदार म्हणून केलेलं काम धरलं जातं. हेल्पर किंवा शिकाऊ म्हणून घालवलेली वर्षं धरत नाहीत. परीक्षेला घाबरणारे खूप भेटतात. आमच्या मते परीक्षा अभ्यासाने सुटते. अर्ज लटकतात ते या चार वर्षांच्या पुराव्यावर.

अनुभवाचं प्रमाणपत्र बोर्डाच्या ठराविक फॉर्मवर द्यायचं असतं. ते भरणारा माणूस मालक, सहकारी, दुसरा कारागीर, ठेकेदार, बिल्डिंग इन्स्पेक्टर, इंजिनिअर असा कुणीही चालतो. अट एकच, त्याने ते काम स्वतः पाहिलेलं असावं. खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा लागतो, हे त्याच्या सहीच्या वरच छापलेलं असतं. भिडेखातर सही करणारा इथे शोधूच नये. बोर्ड ठराविक प्रमाणात अर्ज सखोल तपासणीसाठी निवडतं. मग पगाराच्या पावत्या, करविवरण, डब्ल्यू-२ किंवा १०९९ (वर्षाच्या कमाईचे कर फॉर्म), करारपत्रं, बिलं, परवानग्या असं सगळं मागवलं जातं. हा गठ्ठा अर्ज टाकण्याआधीच वर्षवार लावून ठेवावा, पत्र आल्यावर धावपळ करू नये.

फॉर्ममध्ये काम कोणतं केलं याची जागा छोटी असते. तिथेच बहुतेक अर्ज कमजोर होतात. ‘नेटवर्क सपोर्ट’, ‘आयटी इन्फ्रास्ट्रक्चर’ असे शब्द लिहिले की तपासणाऱ्याला हातातलं काम दिसत नाही. स्विच कॉन्फिगर करणं, सर्व्हर सांभाळणं हा ठेकेदारीचा अनुभव नव्हे, मग पद कितीही मोठं असो. लिहायचं ते असं: भिंतीतून आणि छतावरून केबल ओढणं, पॅच पॅनल आणि जॅकवर टोकं जोडणं, रॅक उभारून अर्थिंग करणं, कॅमेरे बसवून त्यांची दिशा लावणं, भिंतीतल्या छिद्रांत फायर-स्टॉप (आग पसरू न देणारं भरण) भरणं, केबल टेस्टरने प्रत्येक लिंक तपासून अहवाल देणं. तारखा पगाराच्या कागदांशी जुळल्या पाहिजेत. शनिवार-रविवारी केलेलं काम पूर्णवेळ धरता येत नाही. अर्धवेळ चार वर्षं म्हणजे दोनच वर्षं.

पुण्या-मुंबईत केलेल्या कामाचा उल्लेख करायचा असेल तर तिथला सही करणारा माणूस इंग्रजीत उत्तर देईल आणि फोनवर सापडेल याची आधी खात्री करावी. नुसतं लेटरहेडवरचं ‘टु हूम सो एव्हर’ पत्र पुरत नाही. काय काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, ते कुणाच्याही देखरेखीशिवाय केलं का, हे सगळं फॉर्मवर यायला हवं. इंजिनिअरिंगच्या पदवीचा फायदा होतो. शिक्षण आणि पूर्ण केलेला अप्रेंटिसशिपचा अभ्यासक्रम मिळून जास्तीत जास्त ३ वर्षं सूट मिळू शकते, पण किमान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचंच असावं लागतं. भारतातल्या विद्यापीठाची गुणपत्रकं मागवायला लागणारा वेळ मोठा असतो. म्हणून पहिलं पत्र विद्यापीठाला टाकावं, फॉर्म नंतर भरायला घ्यावा. गुणपत्रकांबरोबर इथल्या मान्य संस्थेचं मूल्यमापनही जोडावं.

स्वतःचा अनुभव कमी असेल तर दुसऱ्याला पात्र व्यक्ती म्हणून घेता येतं. तो नोकर असेल तर त्याने आठवड्याला किमान ३२ तास किंवा धंद्याच्या एकूण वेळेच्या ८० टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढा वेळ प्रत्यक्ष काम केलं पाहिजे. महिन्याला काही रक्कम घेऊन नुसतं नाव वापरू देणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. कामावर देखरेख नव्हती असं सिद्ध झालं तर दोघांवरही कारवाई होते.

अर्जाची फी ४५० डॉलर, ती परत मिळत नाही. परीक्षा झाल्यावर पहिल्या परवान्याची फी एकल मालकाला २०० डॉलर, इतरांना ३५०. अर्ज स्वीकारल्यावर बोटांचे ठसे द्यायचे. ते लाइव्ह स्कॅन (संगणकावर ठसे घेणाऱ्या) केंद्रात होतं, कॅलिफोर्नियातच. राज्याची ३२ आणि एफबीआयची १७ अशी ४९ डॉलर फी आणि वर केंद्राचा आकार. ठशांच्या फॉर्मवरचा क्रमांक जपून ठेवावा, कारण अहवाल अडकला तर चौकशी त्या क्रमांकावरूनच होते. ॲस्बेस्टॉसविषयीची छोटी, पुस्तक उघडून द्यायची परीक्षाही सगळ्यांनाच द्यावी लागते. ती क्षुल्लक म्हणून मागे टाकली की परवाना त्याच एका खुणेसाठी अडून बसतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसेन्स आणि अर्ज यांत एकच असावं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून कुठे असतं, कुठे नसतं, आणि परीक्षा केंद्रात ओळखपत्राशी ते ताडून पाहतात.

परीक्षा दोन असतात, एक कायदा आणि व्यवसायाची, दुसरी सी-७ कामाची. दोन्ही संगणकावर, बहुपर्यायी, पुस्तकाविना. निकाल तिथेच कळतो. पास झालात तर गुण सांगत नाहीत. नापास झालात तर कोणत्या विभागात कमी पडलात ते देतात. पुन्हा बसायला वेगळी फी भरावी लागते आणि अर्ज स्वीकारल्यापासून १८ महिन्यांत दोन्ही सुटल्या नाहीत तर अर्जच रद्द होतो.

कामाच्या परीक्षेत जे विचारतात ते कामावर रोज लागतं. बागेतल्या दिव्यांचं व्होल्टेज घ्या. १२ गेज तांब्याच्या तारेचा रोध १,००० फुटांना सुमारे १.६ ओहम. ट्रान्सफॉर्मरपासून १०० फुटांवर ९६ वॅटचे दिवे म्हणजे १२ व्होल्टला ८ अँपिअर. जाऊन-येऊन तार २०० फूट, रोध ०.३२ ओहम, पडणारं व्होल्टेज २.५६. टोकाला साडेनऊच्याही खाली व्होल्ट पोचतात आणि शेवटचे दिवे पिवळट पडतात. दिवे दोन वेगळ्या ओळींत वाटले तर प्रत्येक ओळीत ४ अँपिअर जातात आणि घट १.२८ वर येते. जास्त टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजची टोकं) असलेला ट्रान्सफॉर्मर घेऊन १३ किंवा १४ व्होल्टचा टॅप वापरणं हा दुसरा उपाय, पण मग जवळच्या दिव्यांना जास्त व्होल्टेज जातं का ते मोजून पाहायचं. अशी तार निदान ६ इंच खोल पुरावी लागते. आणि खणण्याआधी दोन पूर्ण कामाचे दिवस ८११ या, जमिनीखालच्या तारा-नळ्यांची खूण करून देणाऱ्या सेवेच्या क्रमांकावर कळवावं लागतं. बाग ग्राहकाची खासगी असली तरी ठेकेदाराला त्यातून सूट नाही.

डेटा केबलचे आकडे पाठच हवेत. पक्की लिंक (भिंतीत कायमची बसवलेली केबल) ९० मीटर, दोन्ही टोकांच्या सुट्या पॅच कॉर्ड धरून १००. जॅकपाशी तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. ओढताना ताण २५ पौंडांच्या आत. वाक केबलच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा घट्ट नको. लिंक टेस्टमध्ये नापास होते ती बहुतेक वेळा पीळ जास्त उलगडल्याने किंवा झिप-टाय आवळल्याने. म्हणून आम्ही वेल्क्रोच वापरतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊच नये. तिचा रोध जास्त असतो, कॅमेऱ्याला वीज नेताना ती गरम होते आणि मानकात ती बसतच नाही. हवा खेळवणाऱ्या छतावरच्या पोकळीत सीएमपी केबल, मजल्यांमधल्या उभ्या शाफ्टमध्ये सीएमआर (दोन्ही आगीला तोंड देण्याच्या क्षमतेवरून केबलला दिलेली वर्गनावं). खोट्या छताच्या पट्ट्यांवर केबल टाकून देणं हे इन्स्पेक्टरला सगळ्यांत आधी दिसतं, तिला वेगळा आधार लागतो. १२० व्होल्टच्या तारांपासून २ इंच अंतर ठेवायचं आणि एका कंड्युटमध्ये (तारांच्या नळीत) दोन्ही कधीच घालायच्या नाहीत. आगरोधक भिंतीला पाडलेलं प्रत्येक छिद्र मान्य फायर-स्टॉपनेच बुजवायचं. साधा फोम भरला की तपासणी तिथेच थांबते.

अर्थिंगवर आमचा विशेष भर आहे. डिशच्या खांबाला निदान १० गेज तांब्याची तार लागते आणि ती घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडायची. बाजूला वेगळी सळई ठोकून काम भागत नाही. सळई ठोकलीच तर ती मुख्य अर्थिंगशी ६ गेज तारेने बांधावी लागते. नाहीतर वीज कोसळते तेव्हा दोन सळयांमधला व्होल्टेजचा फरक टीव्ही आणि राउटरमधून वाट काढतो.

कायद्याच्या परीक्षेकडे तांत्रिक माणसं दुर्लक्ष करतात आणि आमच्या पाहण्यात तीच जास्त घात करते. उपठेकेदार म्हणून काम घेतलं तर काम सुरू झाल्यापासून २० दिवसांत मालकाला प्राथमिक नोटीस जायला हवी. ती नसेल तर पुढे मालमत्तेवर लिएन (थकलेल्या पैशांसाठीचा बोजा) लावायचा हक्क गमावण्याची पाळी येते. काम पुरं झाल्यावर लिएन नोंदवायला सर्वसाधारणपणे ९० दिवस मिळतात. मालकाने काम पूर्ण झाल्याची नोंद केली तर उपठेकेदाराला ३० दिवसच. लिएन नोंदवल्यावर ९० दिवसांत दावा लावला नाही तर तो निष्फळ ठरतो. नोकर ठेवला की सुरक्षिततेची लेखी योजना हवीच. उन्हात काम असेल तर माणशी तासाला एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) पाणी आणि तापमान ८० अंश फॅरनहाइटवर गेलं की सावली द्यायची. विनापरवाना मदतनीसाला ‘उपठेकेदार’ म्हणून पैसे दिले तरी कायदा त्याला तुमचा नोकरच मानतो.

पास झाल्यावर बॉण्ड. २५,००० डॉलर खिशातून भरायचे नसतात, बॉण्ड कंपनीला वार्षिक हप्ता द्यायचा असतो, आणि तो तुमच्या क्रेडिटवर ठरतो. देशात नव्याने आलेल्याला तो जास्त पडतो. बॉण्ड म्हणजे विमा नव्हे. कंपनीने ग्राहकाला पैसे दिले तर ते ती तुमच्याकडून वसूल करते. बॉण्डवरचं धंद्याचं नाव बोर्डाच्या नोंदीतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. ‘इन्कॉर्पोरेटेड’ आणि ‘इन्क’ एवढ्या फरकानेही कागद परत येतो. नोकर नसतील तर सी-७ ला कामगार भरपाई विम्यातून सूट मिळते, पण तशी लेखी नोंद द्यावी लागते. १ जानेवारी २०२८ पासून ही सूट सगळ्याच वर्गांसाठी जाणार आहे, तेव्हा दर ठरवताना तो खर्च आत्ताच धरावा.

परवाना हातात आल्यावर क्रमांक जाहिरातीवर, करारावर, व्हिजिटिंग कार्डावर छापायचा. घरगुती कामात आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांतली जी कमी असेल तेवढीच घेता येते. ४,००० डॉलरच्या कामाला फक्त ४००, मग सामानच ३,००० डॉलरचं का असेना. म्हणून सामानाचं भांडवल हाताशी असल्याशिवाय मोठी घरगुती कामं घेऊ नयेत. किंवा करारातच टप्पे लिहावेत: केबल ओढून झाल्यावर इतके, उपकरणं बसल्यावर इतके. करार रद्द करायला ग्राहकाला तीन कामाचे दिवस असतात, ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या ग्राहकाला पाच. ते संपेपर्यंत उपकरणं मागवू नयेत. शहराचा व्यवसाय कर वेगळा, आणि कमी व्होल्टेजच्या कामाला बांधकाम परवानगी लागते की नाही हे शहरागणिक बदलतं. तिथल्या बिल्डिंग खात्याला विचारून उत्तर ईमेलवर घ्यावं.

नूतनीकरण दर दोन वर्षांनी. त्यासाठी कोणताही अभ्यासक्रम करावा लागत नाही, पण मुदत चुकली तर फी दीडपट होते आणि मधल्या काळात केलेलं काम विनापरवाना ठरतं, म्हणजे पुन्हा ते कलम ७०३१.

राज्य बदललं की सगळं नव्याने पाहावं लागतं. वॉशिंग्टन राज्यात मर्यादित ऊर्जेच्या कामाचं ०६ क्रमांकाचं प्रमाणपत्र काम करणाऱ्या माणसालाच घ्यावं लागतं, त्यासाठी ४,००० तासांचा अनुभव लागतो, आणि कंपनीचा ठेकेदार परवाना त्याशिवाय वेगळा. टेक्ससमध्ये फायर अलार्म राज्याच्या फायर मार्शलकडे आणि घरफोडीचे अलार्म सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे आहेत. सी-७ दाखवून या दोन्ही राज्यांत काम सुरू करता येत नाही.